पाठमोरी पोचलेली गोळी

मित्रांनो, गोळी म्हटलं की तुमची तोंडं वाकडी होतात हे मला ठाऊक आहे. पण मी औषध नाही. मी कॅमेरा आहे. म्हणजे होते. आता मी एका टेबलाच्या खणात काचेच्या छोट्या बाटलीत राहते. शेजारी स्टेपलर आहे आणि काही पेनं आहेत, जी चालत नाहीत पण कोणी टाकूनही देत नाही. मी फार जुनी आहे. माझं नोकरीतलं आयुष्य जेमतेम एका दिवसाचं होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळीच मी जुनी झाले. तेव्हापासून निवृत्त आहे आणि खरं सांगायचं तर तेव्हापासूनच दमलेली आहे.

मी दिसायला करंगळीच्या वरच्या पेराएवढी. एका टोकाला पारदर्शक घुमट, त्यात माझा डोळा आणि डोळ्याभोवती इवलेसे दिवे. दुसऱ्या टोकाला काही नाही. हे 'काही नाही' लक्षात ठेवा, माझी सगळी कर्मकहाणी त्यातच आहे. माणसानं मला गिळलं की मी आत घरंगळत जाते आणि सारखे फोटो काढत राहते. ते फोटो माणसाच्या कमरेला बांधलेल्या एका डबड्याकडे फेकते. फोटो बरा आला की वाईट, हे बघायची सोय माझ्यात ठेवलेली नाही. नुसतं काढायचं आणि फेकायचं.

माझा जन्म एका अति स्वच्छ खोलीत झाला. तिथे सगळ्यांची तोंडं झाकलेली असत, त्यामुळे मला नेमकं कोणी जन्माला घातलं ते सांगता येत नाही. एका बाईनं मला दिव्यापुढे धरलं, गोल फिरवलं आणि शेजारणीला म्हणाली, "ही बरी आहे." पुढे बराच काळ माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच.

मग मला एका डबीत निजवलं. डबीत एक लोहचुंबक होतं. ते जवळ असेपर्यंत मी झोपून राहायचं, डबीतून काढलं की जागं व्हायचं, अशी माझी रचना. डबी एका इस्पितळात पोचली आणि पोटाच्या विभागातल्या कपाटात ठेवली गेली. तिथे मी पुष्कळ महिने झोपून होते. पण झोप गाढ नव्हती. कपाटात दोन जावा भांडत असतील तर कोणाला गाढ झोप लागते?

जावा म्हणजे दोन लांब काळ्या नळ्या. त्यांच्याही टोकाला कॅमेरे होते. थोरली तोंडातून आत जायची: घसा, अन्ननलिका, जठर आणि पुढे लहान आतड्याचा उंबरठा. तिथून ती परत फिरायची. धाकटी मागच्या दारानं जायची आणि सगळं मोठं आतडं पालथं घालायची. दोघी रोज कामावर जाऊन येत, धुऊन-पुसून टांगल्या जात आणि वाळता वाळता एकमेकींना ऐकवत.

"माझ्या हद्दीत सगळं स्वच्छ होतं हो," थोरली म्हणायची.

"माझ्याही," धाकटी म्हणायची.

"मग त्या माणसाचं रक्त जातंय कुठून?" एकदा मी झोपेतच विचारलं.

"ते आम्हाला काय विचारतेस? हद्दीबाहेरचं आम्ही बघत नाही."

मित्रांनो, त्या दोघींच्या हद्दींच्या मध्ये पाच-सहा मीटर लांबीचं लहान आतडं वेटोळं घालून बसलेलं असतं. म्हणजे घराचा पुढचा व्हरांडा झाडला, मागचं अंगण झाडलं आणि मधल्या खोल्यांत कोणी पाऊलच टाकलं नाही, असा प्रकार. त्या मधल्या खोल्यांत गाठ क्वचितच होते. क्वचित होते म्हणून ती चटकन कोणाला आठवत नाही आणि आठवत नाही म्हणून उशिरा सापडते. त्या खोल्यांत जाण्यासाठीच मला बनवलं होतं. पण माझी आठवण येण्याआधी डॉक्टरांना बाकी सगळं आठवायचं. मी पडून राहिले.

शेवटी एकदाची एक बाई आली.

ती मोटार चालवायला शिकवायची. तिच्या गाडीत दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक तिच्या. ती अशक्त होत चालली होती. जिना चढताना तिला मध्येच थांबून भिंतीवरचे डाग बघितल्याचं नाटक करावं लागे. रक्त तपासलं की कमी. लोहाच्या गोळ्या घेतल्या की थोडं वाढायचं, मग पुन्हा उतरायचं. रक्त पोटातूनच कुठेतरी हळूहळू झिरपत होतं, पण डोळ्यांना दिसत नव्हतं. थोरली जाऊ आत जाऊन आली. धाकटी जाऊन आली. दोघींनी काखा वर केल्या.

"शिकाऊ लोकांच्या गाडीत दिवसभर बसून माझंही रक्त आटलं असतं," तिचा नवरा म्हणायचा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस प्रेमळ, बोलका. पण कोणाच्या बोटाला सुई टोचताना दिसली तरी याचे डोळे मिटायचे. जगाला नीट दिसावं म्हणून दुकान थाटलेला हा माणूस स्वतः निम्म्या गोष्टी बघायचंच टाळायचा.

पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी कपाट उघडलं आणि मला डबीतून काढलं. मी जागी झाले, डोळ्याभोवतीचे दिवे लुकलुकायला लागले. समोर ती बाई, तिचा नवरा आणि कॉलेजात जाणारी मुलगी.

"एवढी मोठी?" बाई म्हणाली. पुढे खणातल्या आयुष्यात हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता मला त्याचं काही वाटत नाही.

"पाण्याबरोबर जाते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कायम दुपारच्या शेवटच्या तासासारखा असायचा.

"आई, ही गिळल्यावर तुला रेंज येईल का गं?" मुलीनं विचारलं.

"तुझ्या खोलीत येत नाही, माझ्या पोटात कुठली यायला?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्या कमरेला डबडं बांधलं आणि सगळ्यांना समजावलं. "आज दिवसभर ही फोटो काढेल. रात्रीपर्यंत हिची बॅटरी संपते. मग दोन-चार दिवसांत ही आपोआप बाहेर पडते. पण पडली की नाही ते दर वेळी बघायचं. नाही दिसली तर मला कळवायचं, आपण साधा एक्स-रे काढू. आणि बाहेर पडेपर्यंत एमआरआयच्या खोलीच्या आसपाससुद्धा फिरकायचं नाही. तिथे फार मोठं लोहचुंबक असतं, ते हिला आतल्या आत ओढेल."

"मला वाकलं की अंधारी येते," बाई म्हणाली.

"मग हे बघतील. चष्म्यांचे दुकानदार आहेत, बघण्याचं काम त्यांचंच."

नवरा हसला. पण त्याचा रंग तेव्हाच थोडा उतरला होता. मला बाईच्या हातातून स्पष्ट दिसत होतं. पुढच्याच क्षणी मी गिळली गेले.

मित्रांनो, आतला प्रवास तुम्हाला वाटतो तितका भारी नसतो. अन्ननलिका म्हणजे घसरगुंडी. जठरात मात्र मला कोणी पुढे जाऊच देईना. नुसतं घुसळणं चाललेलं. मी त्याच त्या भिंतीचे शेकडो फोटो काढले. मग एक दार किलकिलं झालं आणि मी लहान आतड्यात पडले. तिथे भिंतींना मखमल असते, बारीक, दाट, पाण्याखाली डोलणारी. मी फोटो काढत सरकत राहिले. वळण आलं की सरकायचं, आतड्यानं ढकललं की पुढे, नाहीतर तिथेच. डावं-उजवं ठरवायचा हक्क मला नाही.

आणि अशाच एका वळणावर मी उलटी झाले. डोळा मागे, पाठ पुढे. तशीच ढकलली गेले. बराच वेळ मी कुठून आले एवढंच मला दिसत होतं, कुठे चाललेय ते नाही. मग एकाएकी माझी पाठ कशाला तरी टेकली. ते मखमल नव्हतं. कडक होतं आणि त्यानं वाट आवळून धरली होती. आतड्यानं मला ढकललं. मी हलले नाही. पुन्हा ढकललं, तरी नाही.

मी पोचले होते. ज्याच्यासाठी मला बनवलं, ज्याच्यासाठी इतके महिने दोन जावांची भांडणं ऐकली, ते माझ्या पाठीशी होतं. आणि डोळा होता दुसरीकडे. दिवस मावळेपर्यंत मी समोरच्या हिरवट, गढूळ पाण्याचे हजारो फोटो काढले. मग दिवे मंद झाले, विझले आणि माझी नोकरी संपली.

नोकरी संपली तरी ऐकू यायचं थांबलं नाही. पोटाच्या भिंती पातळ असतात. भाड्याच्या घरात शेजारच्यांचं ऐकू येतं तसं मला त्या घरातलं सगळं ऐकू यायचं.

डॉक्टरीणबाईंनी माझे फोटो बसून पाहिले. त्यांनी बाईला फोन केला आणि तो बाईनं स्पीकरवर ठेवला. "जिथपर्यंत दिसलं तिथपर्यंत सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण शेवटचे कित्येक तास ती एकाच जागी आहे. नुसतं गढूळ पाणी दिसतंय. कधीकधी आतडं आळशी असतं, कधीकधी वाट अडलेली असते. बाहेर पडली तर पहिलं समजू. म्हणून नीट बघा."

नवरा बघायला लागला. म्हणजे सुरुवातीला खरंच बघायला लागला. बाई आतून हाक मारायची, "अहो, या." मग तो नाकाला रुमाल बांधून, हातात टॉर्च घेऊन जायचा. मुलगी बाहेरून म्हणायची, "बाबा, दरोडा घालायला चाललात की काय?" तो बाहेर यायचा आणि म्हणायचा, "आज नाही." मी आतून म्हणायचे, नाहीच. आमचं दोघांचं म्हणणं जुळायचं.

पण मी पडेना, तशी बाई बिथरली. "ती अडकलीये आत," ती म्हणायची. "वरून अन्न गेलं तर आणखी घट्ट बसेल." तिनं जेवण कमी केलं. मग ताटावर बसायची आणि दोन घासांत उठायची. रक्त आधीच कमी, त्यात हे. नवरा ताट घेऊन तिच्या मागे घरभर फिरायचा.

"एवढं तरी खा गं."

"ती पडू दे, मग खाते."

मग एकदा तिची हाक आली आणि तो आत गेला. मला दार लागल्याचा आवाज आला. पाणी सोडल्याचा आवाज आला. दार उघडल्याचा आवाज आला. मध्ये बघण्याइतका वेळच गेला नव्हता.

"पडली," तो म्हणाला.

"खरंच? दिसली तुम्हाला?"

"दिसली म्हणजे काय, लुकलुकत होती चांगली."

मित्रांनो, मी ते पोटातून ऐकत होते. मी लुकलुकत नव्हते. मी पडलेही नव्हते. माझी पाठ त्या कडक कड्याला टेकलेलीच होती. मी बरंच काही बोलले, पण गिळलेल्या वस्तूचं कोण ऐकतं?

त्या दुपारी बाई पोटभर जेवली. पुन्हा वाढून घेतलं. तिच्या हसण्यानं मी आत हिंदकळले. नवरा तिला वाढत होता आणि दर वाढीला "आणखी घे" म्हणत होता. म्हणून मला त्याचा राग यायला पाहिजे होता तेवढा आला नाही. राग यायलाही अंगात ताकद लागते.

डॉक्टरीणबाईंचा फोन त्यानेच घेतला. "पडली, मॅडम," एवढंच म्हणाला.

"चला, म्हणजे वाट मोकळी आहे," त्या म्हणाल्या. आणि एक्स-रेचं दार, जे त्या उघडणार होत्या, ते त्यांनी लावून घेतलं.

त्यानंतरचे आठवडे मी अंधारात काढले. बाईला बाहेरून रक्त चढवलं की ती चार दिवस टवटवीत व्हायची, मग पुन्हा जिना, पुन्हा भिंतीवरचे डाग. जेवणानंतर तिचं पोट मुरडायचं. आतडं मला ढकलायचं, मी कड्याला आपटायचे, कडं ढिम्म. ती म्हणायची, "गॅसेस असतील." मी गॅसेस नव्हते, पण माझ्याबद्दल लोकांचे गैरसमज व्हायची मला सवय झाली होती.

एकदा ती गाडीत शिकवत होती. शिकणारा एक चांगला वयस्कर गृहस्थ होता. त्याला गाडी चालवता यायची, थांबवता यायची नाही.

"मॅडम, आता डावीकडे ना?"

उत्तर आलं नाही.

"मॅडम, पुढे चौक आहे. डावीकडे ना? मॅडम?"

बाईची मान सीटवर कलली होती, पाय तिच्या ब्रेकवरून सुटला होता, हे मला पुढे कळलं. त्या गृहस्थानं आयुष्यात पहिल्यांदा गाडी नीट थांबवली. तीही सिग्नलच्या बरोबर रेषेवर. मग त्यानं स्वतःच कोणाला तरी फोन लावला आणि म्हणाला, "मी थांबलोय. मॅडमना काहीतरी झालंय, पण मी थांबलोय." दोन्ही बातम्या त्याला सारख्याच मोठ्या वाटत होत्या.

आता डॉक्टरीणबाईंनी ठरवलं की पोटाचा एमआरआय करायचा. "वाट मोकळी आहे हे आपल्याला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तरी रक्त कुठून तरी जातंय. भिंतीतच काही असेल तर त्यात दिसेल."

एमआरआयच्या खोलीबाहेर एक तंत्रज्ञ बसला होता. बाईकडून कानातलं काढून घेतलं, केसांच्या पिना काढून घेतल्या, घड्याळ, चाव्या, सगळं. मी पोटात होते आणि माझ्याकडे कोणी काही मागत नव्हतं. भिंतीपलीकडून ते प्रचंड लोहचुंबक घुमत होतं. डबीतलं माझं लोहचुंबक लहान होतं, त्यानं मला नुसतं झोपवलं होतं. हे मला झोपवणार नव्हतं. हे मला आतड्यासकट ओढणार होतं.

नवरा तंत्रज्ञाशेजारी येऊन उभा राहिला.

"पिनासुद्धा काढतात?" त्यानं विचारलं.

"काढायलाच लागतात. एकदा एकानं बादली आत नेली होती. ती अजून यंत्राला चिकटलेली असती, यंत्र बंद करून काढली."

"पण पिना म्हणजे बाहेरच्या. पोटातलं काही ओढतं का?"

"पोटात काय असणार?"

"नाही, समजा एखाद्यानं बटण गिळलं असेल."

"कोणी गिळलंय?"

"कोणी नाही. उदाहरण देतोय."

"प्लास्टिकचं बटण?"

"बॅटरीवालं."

तंत्रज्ञानं हातातलं काम थांबवलं असावं, कारण त्याची खुर्ची कुरकुरायची बंद झाली. "केवढं बटण?"

"गोळीएवढं," नवरा म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मला कान देऊन ऐकावं लागलं.

तेवढ्यात आतून नर्सनं हाक मारली. बाई उठून चालायला लागली. दोन पावलं, तीन पावलं. मी आत घट्ट झाले.

"थांबा," नवरा म्हणाला. "ती पडली नाहीये."

"काय पडलं नाहीये?" बाईनं विचारलं.

"गोळी. म्हणजे पडली असेलही. मी बघितलं नव्हतं."

"लुकलुकत होती म्हणालात."

"तू जेवत नव्हतीस."

"म्हणून लुकलुकवलीत?"

 मग तंत्रज्ञ उठला, त्यानं ते जाड दार बाहेरून लावून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तुम्ही आधी खाली एक्स-रेला जा." मित्रांनो, त्या दाराचा आवाज माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला आवाज आहे.

एक्स-रेत मी दिसले. पाठीच्या कण्याच्या जरा उजवीकडे, छान, पांढरी, नीटस. माझा फोटो कोणीतरी काढायची ती पहिलीच वेळ. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी फोटो उजेडावर धरला आणि माझ्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, माझं चुकलं," नवरा म्हणाला.

"ते घरी जाऊन चुका, तिथे जागा जास्त आहे. आधी मला हे बघू द्या." मग त्या बाईकडे वळल्या. "ही इतके आठवडे एकाच जागी आहे. गोळी हौसेनं अडकत नाही. हिच्या पुढे वाट आवळलेली आहे. रक्तही तिथूनच जात असणार."

"म्हणजे काय आहे तिथे?"

"गाठ असू शकते. आता आपल्याला पाच-सहा मीटर शोधायचं नाही. हिच्या पुढची बोटभर जागा बघायची."

त्यांनी बाईला पोटभर पाणी आणि औषध प्यायला लावून सीटी स्कॅन काढला, त्याला लोहचुंबक लागत नाही. आणि माझ्या पाठीशी, अगदी माझ्या पाठीशी, ते कडं दिसलं: आतड्याच्या भिंतीत जाड झालेली, चहूबाजूंनी वाट आवळणारी गाठ. पूर्वीही एकदा सीटी झाला होता. पण तेव्हा ती लहान होती आणि तिच्याकडे बोट दाखवायला मी तिथे नव्हते. डोळ्यानं जे जमलं नाही ते माझ्या अडकण्यानं जमलं. याला कौतुक म्हणायचं का, यावर मी खणात पुष्कळ विचार केलाय. अजून ठरत नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्यानं डॉक्टरीणबाईंना जिन्यात गाठलं. बाई जिन्याजवळच्या बाकावर बसली होती, म्हणजे मीही तिथेच होते.

"मी खोटं बोललो त्या आठवड्यांत ती पसरली असेल का?"

"मला माहीत नाही."

"अंदाज?"

"अंदाजानं सांगितलं तर तुम्ही तो आयुष्यभर धरून बसाल. काढून, बघून कळेल."

तो येऊन बाईशेजारी बसला. "बघितलं असतं तर," तो म्हणाला.

"बघितलं असतं तर मी आणखी किती दिवस जेवले नसते," बाई म्हणाली. तिचा आवाज रागावलेला होता, पण तिनं त्याचा हात सोडला नसावा. कारण त्यानंतर बराच वेळ बाक हललं नाही.

दुसऱ्या दिवशी सर्जननं आतड्याचा तो तुकडा काढला. दोन्ही टोकं जोडून टाकली. मला इतक्या दिवसांनी उजेड दिसला. डोळा विझलेला होता म्हणून दिसला म्हणणं बरोबर नाही, पण कळला. तुकडा, त्यात आवळलेलं कडं आणि कड्याच्या अलीकडे मी, अशी आमची वरात स्टीलच्या ट्रेमधून दाराशी आली.

"घरचं कोणी बघणार का?" सर्जननं विचारलं. "बघायलाच पाहिजे असं नाही."

"बाबा, तुम्ही बसा. मी बघते," मुलगी म्हणाली.

"नको," नवरा म्हणाला. त्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला आणि ट्रेवर वाकला. सर्जननं चिमट्यानं दाखवलं: ही नेहमीची वाट, ही इथे आवळलेली, पेन्सिलही जाणार नाही एवढी. आणि ही तुमची गोळी. तो बघत राहिला. मुलीनं त्याचा दंड धरला होता, तो पडेल म्हणून. तो पडला नाही.

"हिचा डोळा इकडे का आहे?" त्यानं विचारलं.

"उलटी झाली असेल."

"म्हणजे हिलापण दिसलं नाही."

सर्जन म्हणाला, "नाही. पण ही जागेवरून हलली नाही."

तुकडा तपासायला गेला. त्या दिवसांत काय झालं ते मला डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यातून कळलं, कारण मला धुऊन त्यांच्या टेबलावर ठेवलं होतं. बाई, नवरा आणि मुलगी त्यांच्यासमोर येऊन बसली. डॉक्टरीणबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. गाठ कर्करोगाची होती. पण ती आतड्याच्या भिंतीतच होती, बाहेर पडली नव्हती, शेजारच्या ग्रंथींतही काही सापडलं नाही. पूर्ण निघाली. पुढची काही वर्षं नियमानं तपासायला यावं लागेल.

नवऱ्यानं विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे काही..."

"तुमच्यामुळे उशीर झाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या उशिरानं काही बिघडलं नाही, हे यांचं नशीब. तुमची हुशारी नाही. आणि मीही तुम्हाला 'पडली' म्हणजे नक्की पाहिली का, असं विचारलं नाही. मलाही ते ऐकायचंच होतं."

बाई म्हणाली, "आता मी जेवते, आणि तुम्ही दोघं बघत जा."

ती पुन्हा शिकवायला लागली आहे. जिना चढताना ती डाग बघायला थांबत नाही असं तिनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आणि ती जिन्यानंच वर आली होती. तपासणीला ती नियमानं येते. नवरा सोबत असतो, आणि तिचे अहवाल तो स्वतः वाचतो. प्रत्येक ओळ. वाचताना त्याचे ओठ हलतात.

मी खणात आहे. नवा माणूस आला की डॉक्टरीणबाई मला बाहेर काढतात आणि म्हणतात, "बघा, एवढीच असते." तो म्हणतो, "एवढी मोठी?" मग त्या माझी हकिकत सांगतात, मला परत ठेवतात आणि खण लावून घेतात. ज्यांच्या पोटात वाट अरुंद असेल असा संशय असतो, त्यांना आता त्या आधी एक बिनकॅमेऱ्याची, अडकली तरी आपोआप विरघळणारी गोळी देतात, आणि अहवालात 'ठीक' असं एकटं न लिहिता कुठपर्यंत पाहिलं तेही लिहितात. कपाटातल्या जावांना हे अजून कळलेलं नाही. त्या आपापल्या हद्दीत सुखी आहेत.

मित्रांनो, मी दमलेय, म्हणून थोडक्यात सांगते. बघणं हे कंटाळवाणं काम आहे. कधी घाणेरडं, कधी भीतीचं, आणि बरेचदा डोळा नेमका उलट्या बाजूला असतो. न दिसणं हा गुन्हा नाही. मलाही दिसलं नाही. पण तुमच्या घरी कोणी आजारी असेल आणि कोणी तुम्हाला विचारलं, बघितलंस का, तर बघितलं नसेल तेव्हा 'नाही बघितलं' एवढंच म्हणा. समोरच्याचं मन राखायला काहीतरी लुकलुकवू नका. तुम्ही नाही म्हणालात, की दुसरं कोणीतरी उठून बघायला जातं.